ज्वारीच्या पिठाचं सफरचंद क्रम्बल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की आमच्याकडं परभणीत हवा बदलते. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, सकाळी सकाळी अंगावर शाल घ्यावी वाटते आणि गाड्यावर सफरचंदाचे ढीग लागतात. शनिवार-रविवार लेकरं होस्टेलवरून घरी आली की मी हे क्रम्बल करते, आणि मग कुणीतरी खाऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, ताई ते कसं केलं होतं. बहिणी, जावा, शेजारच्या वहिनी, सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं.

क्रम्बल म्हणजे नेमकं काय? केक का?

केक नाही. खाली सफरचंदाच्या फोडी, वर पीठ-तूप-गूळ चोळून केलेला भरड चुरा, आणि ते सगळं भाजायचं. फुगत नाही, अंडं लागत नाही, बेकिंग पावडर लागत नाही, फेटत बसायचं नाही. मूळ पदार्थ इंग्लंडकडचा. अमेरिकेत याच्याच चुऱ्यात ओट्स घालतात आणि त्याला क्रिस्प म्हणतात. ‘पाय’ नावाचा तिकडचाच पदार्थ वेगळा, त्याला पोळीसारखं लाटलेलं कवच लागतं आणि तिथंच नवशिक्यांचा हात अडतो. क्रम्बलमध्ये अडण्यासारखं काही नाही.

आमच्या सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, हा तर मलिदा आहे गं. मला ते इतकं पटलं! मारुतीला नाहीतर दर्ग्यावर नेतो तो मलिदा कसा पोळी कुस्करून गूळ-तुपात चोळून करतात, तीच हाताची सवय इथं लागते. ज्यांनी आयुष्यात मलिदा चोळलाय त्यांना क्रम्बल शिकवावं लागत नाही, फक्त तूप गार घ्यायचं एवढंच सांगावं लागतं.

ज्वारीचं पीठ काहून? सगळे तर मैद्याचं करतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला याच्यावर बोलायला सगळ्यात जास्त आवडतं.

मैद्यात नाहीतर कणकेत पाणी लागलं आणि हात जास्त फिरला की ग्लुटेन तयार होतं, पीठ चिवट होतं. पोळीला ते पाहिजेच, नाहीतर पोळी लाटताच येणार नाही. पण क्रम्बलचा चुरा चिवट झाला की बिघडलाच, तो खाताना सुटा खुसखुशीत लागला पाहिजे. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. भाकर थापताना आपण ज्या गोष्टीवर वैतागतो, पीठ धरत नाही, कड फाटते, तीच गोष्ट इथं आपल्या कामाची आहे. म्हणजे तुम्ही कितीही चोळा, चुरा चिवट होणार नाही.

अजून एक, ज्वारी भाजली की तिला जो वास येतो ना, हुरड्याची आठवण करून देणारा, तो सफरचंद आणि गुळासोबत इतका छान लागतो की मैद्याचं मला आता फिकं लागतं. मी थोडी कणीक घालते कारण नुसत्या ज्वारीचा चुरा लई भुसभुशीत होतो, चमच्यातून सांडतो. दोन भाग ज्वारी, एक भाग कणीक.

ज्वारी कुठलीही चालते. घरात मालदांडी असेल तर तीच घ्या. जालन्याकडची दगडी ज्वारी मिळाली तर नक्की करून बघा, तिला २०२४ मध्ये जीआय मानांकन (त्या भागाची खास ओळख म्हणून मिळणारं) मिळालंय, चव जरा वेगळी आणि गोडसर लागते मला. आणि हो, दळून दहा-बारा दिवस झालेलं पीठ, ज्याची भाकर आता तुटायला लागलीय, ते फेकू नका, क्रम्बलला ते मस्त चालतं. फक्त आधी वास घ्या आणि चिमूटभर जिभेवर ठेवा, कडवट लागलं तर मात्र ते खवट झालंय, ते नको.

प्रमाण सांगा ना नीट.

सहा जणांसाठी, आठ इंची भांड्याचं प्रमाण देते.

खालचा थर: १ किलो सफरचंद (सालं-बिया काढून साधारण ८०० ग्रॅम उरतं), ४० ते ५० ग्रॅम चिरलेला गूळ, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा दालचिनी पूड, एक चमचा तांदळाचं पीठ.

वरचा चुरा: १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम कणीक, ७५ ग्रॅम गूळ पावडर, ७० ग्रॅम थिजलेलं तूप, ४० ग्रॅम जाडसर शेंगदाण्याचा कूट, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, मिठाशिवाय गूळ नुसता गोड लागतो.

ज्वारीचं पीठ आधी कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडं भाजून घ्या, खमंग वास आला की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग सगळं परातीत घेऊन बोटांच्या टोकांनी चोळा, तळहाताने नाही कारण तळहात गरम असतो आणि तूप वितळतं. काही कण वाटाण्याएवढे, काही रव्याएवढे, असं उंचसखल राहू द्या. सफरचंदाच्या फोडी बोटाच्या पेराएवढ्या करा, फार बारीक केल्या तर त्याचा मुरांबा होतो. खालचं कालवा, भांड्यात पसरा, वरून चुरा भुरभुरा आणि दाबू नका. दाबला की त्याची वडी होते.

तूप कडकडीत मोहन घालतो तसं गरम घालायचं ना? शंकरपाळ्याला घालतो तसं?

नाही! ही एकच गोष्ट आपल्या सवयीच्या उलटी आहे. शंकरपाळ्याला गरम मोहन घालतो तेव्हा ते पिठाच्या कणाकणात भिनतं. इथं आपल्याला तूप पिठात भिनायला नको, तुपाचे छोटे छोटे खडे पिठात अडकून राहिले पाहिजेत, ते भाजताना वितळतात आणि तिथं पोकळी राहते, त्यानेच चुरा खुसखुशीत होतो. म्हणून तूप फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून थिजवून घ्या. चांगली रवाळ कणी पडलेलं म्हशीचं तूप असलं तर अजून छान. मुठीत दाबलं की मुटका व्हावा आणि बोट लावलं की फुटावा, ही मोहनाची परीक्षा मात्र इथंही तीच.

बटर घ्यायचं असेल तर विकतच्या बटरमध्ये फॅट साधारण ८० टक्के असतं, उरलेल्यात मुख्यतः पाणीच. म्हणून ७० ग्रॅम तुपाऐवजी बटर ८५-९० ग्रॅम लागेल. ते खारं असेल तर वेगळं मीठ नको.

सफरचंद कोणतं घेऊ? लाल का हिरवं?

परदेशात हिरवं ग्रॅनी स्मिथ वापरतात कारण ते आंबट आणि कडक असतं, भाजल्यावर फोड टिकते. ती जात ऑस्ट्रेलियातून आलेली, मारिया ॲन स्मिथ नावाच्या आजीबाईंच्या बागेत १८६८ च्या सुमारास उगवलेलं रोप. आपल्याकडं मोठ्या शहरात मिळतं पण महाग असतं, आणि त्याच्यासाठी अडून बसायची काही गरज नाही.

इकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो माल येतो तो बहुतेक काश्मीरचा. हिमाचलचा हंगाम जुलै-ऑगस्टपासूनच सुरू होतो, काश्मीरचा सप्टेंबरपासून पुढं. संभाजीनगरला जाधववाडीत, किंवा नांदेड-लातूरच्या फळबाजारात या दिवसात पेट्याच्या पेट्या उतरतात आणि तिथून आपल्या गावच्या गाड्यावर येतात. लाल डेलिशियस गोड असतं आणि लवकर मऊ पडतं, तर त्याच्यात लिंबू जरा वाढवा आणि फोडी मोठ्या ठेवा. पिवळं गोल्डन डेलिशियस दिसलं तर लगेच घ्या, भाजायला ते लालपेक्षा कितीतरी चांगलं. मी बहुतेक वेळा दोन्ही मिसळून घेते.

घेताना हातात तोलून बघा, आकाराच्या मानाने जड पाहिजे, अंगठ्याने दाबलं तर दबायला नको. हलकं आणि दबणारं सफरचंद आतून पिठूळ निघतं. असं पिठूळ निघालंच तर क्रम्बल करू नका, त्याचा शिरा करा, तुपात परतलेलं सफरचंद घालून रव्याचा शिरा लेकरं आवडीने खातात.

माझ्या खालच्या थरात पाणीच पाणी होतं, चुरा गळून पडतो.

माझं पहिलं क्रम्बल असंच झालं होतं, पाहुणे यायच्या दिवशी. सकाळीच फोडी करून त्यात गूळ-लिंबू घालून ठेवलं, म्हटलं मुरेल, आणि तासाभरात पातेल्यात वाटीभर पाणी. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि गूळ ते ओढून बाहेर काढतो, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं ना, तसंच. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं कारण सगळं सामान संपलेलं.

आता मी दोन गोष्टी करते. गूळ अगदी शेवटी घालते, भांड्यात भरायच्या पाच मिनिटं आधी. आणि फोडी आधी एक चमचा तुपात मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परतते, झाकण न ठेवता, म्हणजे वरचं पाणी उडून जातं. तांदळाचं पीठ उरलेला रस दाट करतं. एवढं केलं की पाण्याची तक्रार राहत नाही.

चिरल्यावर सफरचंद काळं पडतं, त्याचं काय?

हवा लागली की पडतं. लिंबू चोळा, थांबतं. तसंही गूळ-दालचिनीत भाजल्यावर रंग तपकिरीच येणार आहे, जास्त काळजी करू नका.

आमच्याकडं ओव्हन नाही. जमेल का?

जमेल, आणि मी स्वतः चार वर्षं ओव्हनशिवायच केलं.

जाड बुडाची मोठी कढई किंवा जुना कुकर घ्या. तळाला बोटभर जाडीचं मीठ पसरा, वर स्टँड नाहीतर उलटी ताटली, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग भांडं आत ठेवून झाकण लावा, आच मंद करा आणि ४५ ते ५० मिनिटं विसरून जा. कुकर असेल तर झाकणाची शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेवा. रिंग राहिली तर रबर जळतं, तो वास पदार्थाला लागतो आणि तो कशानेच जात नाही. ते मीठ नंतर डब्यात भरून ठेवा, खायला नको पण भाजायला पुन्हा पुन्हा चालतं. कढईत काचेचं भांडं ठेवू नका, ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं घ्या.

कढईत एक अडचण येते, वरून रंग येत नाही, कारण वरून आच नसते. चुरा शिजतो पण पांढरट राहतो आणि जरा ओलसर. त्याच्यावर उपाय असा की चुरा आधीच तयार करून पसरट तव्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजून घ्यायचा, हलक्या हाताने उलटत, सोनेरी होईपर्यंत. फोडी कढईत आधी एकट्याच अर्धा तास भाजायच्या, मग हा भाजलेला चुरा वर टाकून शेवटची दहा मिनिटं. ओव्हनवाल्यांना सांगितलं नाही तर ओळखू येत नाही.

माझ्या आईच्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचे पत्रे भरून भट्टीवर नेऊन द्यायचे आणि भाजून आणायचे. आणि चुलीवर करायचं तर खाली मंद जाळ आणि वर झाकणावर निखारे. ती निखाऱ्याची पद्धत क्रम्बलला आजही चालते, शेतात चूल असेल तर जरूर करा, वरून निखारे असल्यामुळे रंग सुद्धा छान येतो.

ओटीजीत (घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) किती वेळ आणि किती डिग्री?

१८० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवून घ्या, मग ३५ ते ४० मिनिटं, मधल्या जाळीवर, दोन्ही रॉड चालू. कडेने रस बुडबुडायला लागला आणि वरचा रंग भाजक्या भाकरीसारखा झाला की झालं. फ्रिजमधून काढलेलं गार काचेचं भांडं सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये टाकू नका, तडकतं.

लाईट कधी जाते त्याचा अंदाज घेऊन लावा. ओटीजी हजार-दीड हजार वॅट ओढतो, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तो लावूच नका. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर दहा-पंधरा मिनिटं तरी भाजणं चालू राहतं. जास्तच वेळ गेली तर वर सांगितलं तसं कढईत हलवा.

शुगर असलेल्यांना चालेल का? गूळ आहे ना.

हे मी स्पष्ट सांगते कारण घरोघरी हा गैरसमज आहे. गूळ सुद्धा साखरच आहे, रक्तात जाऊन तो साखरेसारखंच वागतो. ज्वारी आहे, फळ आहे, हे सगळं खरं, पण त्याने गोड पदार्थाचं पथ्य होत नाही. माझ्या वडिलांना शुगर आहे, त्यांच्यासाठी मी छोट्या वाटीत वेगळं लावते, खालच्या थरात गूळ अजिबात नाही आणि चुऱ्यात शेंगदाण्याचा कूट जास्त, गूळ नावाला. तेही चार चमचे, जेवणात भाकर कमी करून. पण हे आमच्या घरचं, तुमच्याकडं किती चालतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दालचिनी आवडत नाही आमच्या घरी.

वेलची आणि थोडं जायफळ घाला. सुंठ सुद्धा गुळासोबत छान लागते. बडीशेप नको, सफरचंदाची चव झाकून टाकते.

कार्तिकी एकादशीला खायचंय, उपवासाला कसं करू?

ज्वारी-कणीक काढून टाका, राजगिऱ्याचं पीठ आणि शेंगदाण्याचा कूट निम्मे निम्मे घ्या, खाली तांदळाच्या पिठाऐवजी चमचाभर साबुदाण्याचं पीठ. राजगिरा लवकर करपतो म्हणून दहा मिनिटं आधी बघा. दालचिनी उपवासाला काही घरात चालते काही घरात नाही, तुमच्या घरच्या रीतीने करा, वेलची बहुतेक ठिकाणी चालते.

सफरचंदाऐवजी आपल्याकडची फळं चालतील का? सीताफळाचा पण हंगाम आहे.

सीताफळ भाजू नका. बीड-धारूर-बालाघाटकडची इतकी गोड सीताफळं, पण उष्णता लागली की गर कडवट होतो, मी एकदा करून फेकून दिलंय. त्याचा गर गार दुधात कालवून क्रम्बलच्या शेजारी वाढा, ते मात्र अप्रतिम लागतं. मोसंबीचं पाणी होतं, तिची साल किसून चिमूटभर फोडींत घाला, फक्त वरची पिवळी-हिरवी, आतली पांढरी कडू असते. पेरू उत्तम! अर्धे सफरचंद अर्धा पेरू, बिया काढून, हे तर मी थंडीत मुद्दाम करते.

सोबत काय वाढायचं?

तिकडं कस्टर्ड नाहीतर आइस्क्रीम घेतात. आमच्याकडं घट्ट गार बासुंदी. कुणी धाराशिवकडून येताना कुंथलगिरीचा खवा आणला तर तो दुधात विरघळवून, न गोड करता, गार करून वर ओततो. गरम दूध मात्र ओतू नका, खाली लिंबू आणि गूळ दोन्ही आहेत, फाटतं.

नांदेडला पाहुण्यांकडून उस्मानिया बिस्किटं येतात, त्याचा तळाशी राहिलेला चुरा मी एकदा वरच्या थरात मिसळला होता. ती बिस्किटं मुळातच गोड-खारी, लेकरांनी त्या दिवशी भांडं पुसून खाल्लं.

एवढी सालं निघतात, फेकून द्यायची का?

नको. सालं आणि मधले गाभे, बिया काढून, दोन पेले पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा, त्यात थोडा गूळ घालून पुन्हा आटवा. सालीत पेक्टिन असतं त्यामुळं तो रस आपोआप चिकट दाट होतो. दोन चमचे चुरा टाकायच्या आधी फोडींवर घाला, उरलेला पोळीसोबत. वरून मेण लावलेली चकचकीत सफरचंदं असतील तर मात्र त्यांची सालं वापरू नका.

याला ऑटम डेझर्ट म्हणतात, पण आपल्याकडं कुठं पानगळ असते?

आपली पानगळ फाल्गुनाच्या तोंडावर, कडुलिंब झडतो तेव्हा. आश्विन-कार्तिक हा आपला शरद, त्यात उलट सगळं हिरवं असतं, रब्बीची ज्वारी नुकती पेरलेली असते. पण खळं आवरलेलं, सण झालेला, घरात जरा निवांतपणा आणि रात्री गारवा, हे तिकडच्यासारखंच आहे. तिकडं याच दिवसात सफरचंद उतरतं आणि म्हणून घरोघरी भाजलं जातं, आपल्याकडं याच दिवसात ते गाड्यावर येतं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी ओव्हन लावायचा त्रास होतो, म्हणून मी दिवाळीनंतर, संध्याकाळी दिवेलागणीला लावते. स्वयंपाकघर ऊबदार होतं आणि सगळे आपोआप तिथंच येऊन बसतात.

सफरचंद मराठवाड्यात होतं का?

लेकरं हमखास विचारतात. नेहमीच्या जातींना हिवाळ्यात भरपूर थंडीचे तास लागतात, ते इथं मिळत नाहीत. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याने उष्ण भागात येणारी एचआरएमएन-९९ ही जात काढली, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडंही काही शेतकऱ्यांनी ती लावलीय. पण तिचं फळ उन्हाळ्यात येतं, त्यामुळं कार्तिकातल्या क्रम्बलला सध्या काश्मीरचंच.

उरलं तर? आणि मुलाला पुण्याला डब्यात देता येईल का?

फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, चुरा मऊ पडतो पण तव्यावर झाकण न ठेवता गरम केलं की परत सुटा होतो. मायक्रोवेव्हमध्ये नका करू, अजून ओलं होतं.

डब्यात द्यायचं तर मी दोन डबे करते. एकात भाजलेल्या फोडी, पूर्ण गार करून, रात्रीच्या गाडीने जाणार असेल तरच. दुसऱ्यात तव्यावर भाजलेला कोरडा चुरा, तो आठ-दहा दिवस सहज टिकतो. खोलीवर गेल्यावर वाटीत फोडी घ्यायच्या, वरून मूठभर चुरा. मागच्या वेळी फोडी पहिल्याच रात्री रूममेट्सनी संपवल्या आणि चुरा तो आठवडाभर दुधात घालून खात होता, म्हणून आता चुरा दुप्पट देते.